कुंताबाई आली होती

२ जुलै

धना,

सगळ्यात आधी आली ते आशाबाई, अन् तिले तं कोणी बोलावलंबी नोतं. चंद्रपूरच्या पाव्हण्यांची गाडी दहाले यायची होती, ही उजाडल्याबरोबर आपल्या ओसरीवर येऊन बसली. पायाले रोवण्याचा चिखल तसाच. म्हणलं, काय वो आशाबाई, पाय तरी धुऊन याचे होते. तं म्हणते, "पाय धुवायले गेली अन् तेवढ्यात फोटो निघाले तं?" घ्या! मंग चैतू आला, मंग शाळेतले पोट्टे, मंग अर्धं गाव. ऐन रोवण्याचे दिवस, धानाच्या रोपायचे परे बांधीतल्या चिखलात तसेच टाकून बाया आल्या. कोणासाठी? तुह्यासाठी. माय मेली तवा तेरवीपुरता आला अन् त्याच्यानंतर या गावाले ज्याचा पाय लागला नाई, त्या माह्या भावासाठी.

हे पत्र रागाचं आहे, आधीच सांगून ठेवते. पण पयले चांगलं सांगते, नाई तं रागात ते राहूनच जाईन.

तिकडं चंद्रपूरले वाचनाऱ्यायचं एक मंडळ आहे. दर महिन्याले त्या महिन्यात जन्मलेले कादंबरीकार धरतेत अन् त्यायचे पुस्तकं वाचतेत. हा महिना जुलैवाल्यायचा. त्यात तू. तं म्हणे लेखकाचं जन्मघर पाहू अन् तिथीच बसून वाचू. म्होरकी रंजीता मॅडम म्हणून आहे. चांगली बाई आहे बापा, खुर्सी देल्ली तं नको म्हणली, खाली सतरंजीवर बसली, माह्या हातची चाय दोनदा घेतली. त्यायनं आपल्या छपराले बॅनर बांधलं. कवेलू फुटतीन म्हणून माहा जीव खालीवर, पण बांधू देल्लं. त्याच्यावर बांगडीसारखे गोल काढून पाच चेहरे. एक कोकणातली बाई, तिनं होड्या दुरुस्त करणाऱ्या विधवेची कादंबरी लिवली. एक सोलापूरकडचा म्हातारा, त्याचं मागवाल्यायचं पुस्तक एवढं जाड का मॅडमनं दोन हातानं उचललं. एक खानदेशातला, त्याच्या कादंबरीत म्हणे केळीचं झाडच बोलते. एक मुंबईचा पोट्टा, अजून मिसरूड नाई, पण दोन पुस्तकं झाले. अन् मधात तू. सगळ्यायपेक्षा मोठा गोल तुहाच. मले काय वाटलं असंन ते तू नको विचारू. मी सगळ्या बायायले एकेकीचा हात धरून दाखवलं. हा माहा धना. याचं नाक मी पुसलं.

मंग मॅडम सांगाले लागल्या का, "बघा योगायोग, पाचांपैकी चौघांचा जन्म एक जुलैचा. सरस्वतीनं हा दिवस राखूनच ठेवलाय जणू." मले इतकं हासू आलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. म्हणलं, "अवो मॅडम, एक जुलै तं माही बी आहे, या आशाबाईचीबी आहे, तो चैतू बसला त्याचीबी आहे. गुरुजीनं सगळ्यायले एका ओळीत बसवलं अन् एकच तारीख टाकली. आमची म्हैस शाळेत घातली असती तं तिचीबी एक जुलैच असती." सगळं गाव हासलं. मॅडमबी हासल्या, पण थोड्या गोंधळल्या. म्हणल्या, "पण आजी, त्यांनी तर स्वतः लिहिलंय. पहिल्याच प्रकरणात. पावसातला जन्म."

मी म्हणलं, लिवलं असंन बा. मी कुठी वाचलं? तुनं पाठवलेलं पुस्तक मी लाल फडक्यात बांधून देवाजवळ ठेवलं होतं. हळदकुंकू वाहात होती. चवथी शिकलेली बाई मी, ते बारीक अक्षर मले दिसते कुठी?

वाचाले दिव्यानी उभी राह्यली. माही नात, अकरावीत आहे. तुनं तिले पाळण्यात पाह्यली होती. आवाज असा खणखणीत का रस्त्यावरचे थांबले. माही छाती फुगली, हेबी खरंच सांगते. अन् समोर, सगळ्यायच्या पुढं, कुंताबाई. धुतलेलं लुगडं नेसून, काठी मांडीवर आडवी ठेवून. ऐकू कमी येते म्हणून पुढं बसली होती.

दिव्यानीनं वाचलं, आषाढाची रात्र, नाल्याले पूर, झोपडीत माय कळा देऊन राह्यली. अन् मंग आलं, "पलीकडच्या टोलीवर कुंता सुईण राहायची." कुंताबाईनं कानाले हात लावला, म्हणते, "माहं नाव आलं का वो?" अन् हासली. दात नाईत, तरी कशी हासली. मागं वळून बायायले म्हणते, "आयकलं का? माहं नाव आलं पुस्तकात!"

आता पुढचं तुले पाठ असंन, तुनंच लिवलं. पण माह्या अंगणात ते कसं वाचल्या गेलं ते आयक. कुंता दारात उभी राहून म्हणली, आधी पायलीभर धान मोजा, मंग येतो. धान नोतं. कुंतानं दार लावून घेतलं. माय एकटी बाळंत झाली अन् जुळ्यातली पोरगी गेली. दिव्यानीचा आवाज इथी बारीक झाला. पोरगी थांबली, माह्याकडं पाहाले लागली. तं मॅडम म्हणल्या, "वाच, वाच, हाच तर गाजलेला भाग आहे." त्यायले काय माहीत का समोर बसलेली म्हातारीच ते कुंता आहे?

पोरीनं वाचलं. कुंताबाईनं काठी टेकवली, उठली, अन् भर पाव्हण्यातून चालत गेली. चपला इथीच राह्यल्या तिच्या.

जुळी बहीण कुठून आणली बे धना? माय एकट्या तुलेच जन्म देऊन दमली होती.

जेवण कोणी जेवलं नाई. आलूवांग्याची भाजी गंज उरली, ढोरायले घातली.

मीराबाई


आखाडीनंतरचा बुधवार

धना,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यायची लाज वाटली म्हणून तुनं दिव्यानीच्या फोनवर फोन केला. बरं झालं मी बाजूलेच होती.

"अगं बाई, ती कादंबरी आहे. त्यातली आई म्हणजे आपली माय नव्हे. ती कुंता म्हणजे आपली कुंताबाई नव्हे." असं म्हणला तू. आधी हे सांग, "अगं" कुठून आलं? मी तुले लहानाचा मोठा केला तवा तू मले "वो बाई" म्हणत होता. पुण्याच्या पाण्यानं तेबी धुतल्या गेलं काय?

अन् ते कुंता आपली कुंता नाई तं तिच्या भुवईवर विळ्याचा वण कुठून आला? तिचा नवरा तलावात जाळं टाकते ते कुठून आलं? टोली तेच, नाला तेच, नावबी तेच. स्वतःचं नाव तं बदललं ना? पुस्तकातल्या पोराचं नाव तुनं सूर्यकांत ठेवलं. मायचं नाव बदललं. बाबाचं बदललं. आमची लाज झाकली अन् तिचं नाव उघडं ठेवलं. काऊन? ते गरीब म्हातारी पुस्तक वाचनार नाई म्हणून?

मी विचारलं तं तू म्हणला, "कथेला पाऊस लागतो, बाई. संघर्ष लागतो." बरं. कथेले पाऊस लागते तं तू भिज ना! कुंताले काऊन भिजवलं?

आता मी सांगते अन् तू गप बसून वाच. तू मायच्या पोटात होता, तुले काय माहीत? मी तिथी होती.

तुहा जन्म चैतातला. मोह पडाचे दिवस. आदल्या दिवशी सांजी बाबानं आपल्या मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केल्ती, फुलं दिसाले पाहिजे म्हणून. पहाटेच माय अन् मी टोपल्या घेऊन गेलो. तवा वाघाची अशी भीती नोती. अर्धी टोपली झाली नाई तं मायनं झाडाचं खोड धरलं अन् खाली बसली. मी घाबरून बोंबलली. बाजूच्या झाडाखाली कुंताबाई वेचून राह्यली होती. त्याच सालची नवी नवरी. सुईणपण तिच्या सासूचं, अन् सासू गेल्ती आरमोरीले लेकीकडं. कुंतानं तवापर्यंत सासूसाठी फक्त दिवा धरला होता, हात लावला नोता. ते म्हणली, "मीराची माय, मले येत नाई वो." माय म्हणली, "येते तुले. तूच कर."

अन् केलं तिनं. अंधारापासून वेचलेली तिची भरलेली टोपली तिनं मातीत पालथी केली, धना. सगळे फुलं. तिची सासू मंग त्या फुलासाठी तिले घालून पाडून बोलली, तेबी मी आयकलं. राखेत निखारा होता, त्याच्यात विळा तापवला, नाळ कापली. तू रडंना. काळानिळा पडला होता. तं त्या पोरीनं तुह्या नाकातोंडातलं स्वतःच्या तोंडानं ओढलं अन् थुकलं, अन् पुन्हा ओढलं. तवा तू बोंबलला. टोपलीत पदर अंथरून तुले ठेवला. तुह्या अंगाले इतका मोहाचा वास का बाबा म्हणे, "पोट्टं तं पेऊनच आलं गा." नाळ तिथीच मोहाच्या बुडाशी गाडली.

तिच्या हातचं पयलं बाळंतपण तू. समजलं? तुह्यानंतर तिनं या पंचक्रोशीत किती जीव उतरवले ते तिलेबी सांगता येत नाई. माह्या धाकट्याच्या वेळेस खरंच पूर होता नाल्याले. रिकामा माठ पालथा छातीखाली धरून ते पोहत आली होती. ओल्या लुगड्यानं. मी म्हणलं, कुंताबाई, लुगडं बदल. ते म्हणे, "आधी तुहं होऊ दे." अन् तू लिवलं का ते आली नाई! जगात जे एक काम तिनं कधीच केलं नाई, तेच तुनं तिच्या नावावर मांडलं.

आता काय झालं ते आयक. दरसाल पयले मोहफुलं सुपात भरून माय कुंताबाईले देत होती, माय गेल्यावर मी देते. ते सूप सालभर तिच्याच घरी राहते. दुसऱ्या साली मोह पडाच्या आधी ते त्याच्यात मूठभर तांदूळ टाकून परत पाठवते. रिकामं सूप कोणी कोणाकडं पाठवत नाई. परवा तिचा नातू रोशन ते सूप घेऊन आला. आखाडात! रिकामं! ओसरीवर ठेवलं, माह्याकडं पाह्यलं नाई, पाणी पेला नाई. मी म्हणलं, "रोशन, बापा, बस तं." तं म्हणते, "आजी म्हणे, ज्या घरी मी आलीच नाई, त्या घरचं सूप माह्याकडं काऊन?"

मी पदरानं डोळे पुसले. चुलीत ओली लाकडं होती, धूर झाला होता.

तिले त्या दिवशी दुसऱ्या कोणी पुढं बसवली असती तं गोष्ट वेगळी होती. मी बसवली. मीच तिच्या घरी गेली होती बोलवाले. म्हणलं, चाल कुंताबाई, तुनं काढलेल्या पोराचं नाव झालं, पुढं बस, मान तुहा. हे मले जेवू देऊन नाई राह्यलं.

तुहं पुस्तक मी देवाजवळून काढलं. फडकं धुतलं. पुस्तक धानाच्या कोठीवर ठेवलं आहे, तिथी उंदरं आहेत.

मीराबाई


नागपंचमी

धना,

तुहं पार्सल भेटलं. कुंताबाईसाठी शाल अन् नारळ. चिठ्ठी, "गैरसमज झाला असल्यास क्षमस्व." झाला असल्यास! गैरसमज कोणाचा झाला गा? नाल्याचा?

अन् शाल उलगडून तरी पाहाची होती. तिच्या घडीत कागद निघाला, कोण्या महाविद्यालयानं तुहा सत्कार केल्ता त्याचा. तुले भेटलेली शाल तुनं तशीच पुढं सरकवली. आशाबाई म्हणते, "राहू दे वो मीराबाई, शहरात असंच चालत असंन." मी ते शाल कुंताबाईले दाखवली नाई. चैतूच्या शेळीले गारठा झाला होता, तिच्या अंगावर घातली. शोभून दिसते.

आता खरी गोष्ट. रंजीता मॅडम पुन्हा आल्या. बॅनर नाई, गाडीभर लोक नाई, एकट्या, बसनं, भर पावसात. दिव्यानीनं त्यायले फोन करून सगळं सांगतलं होतं, मले न विचारता. मॅडम आल्या त्या माह्या घरी थांबल्याच नाई. म्हणल्या, "आजी, मला त्यांच्या घरी घेऊन चला. तो भाग वाच म्हणून मीच म्हणाले होते."

मले भेव वाटलं. त्या दिवसापासून मी त्या अंगणात पाय ठेवला नोता. तिच्या चपला माह्याकडंच होत्या, त्या घेतल्या. दिव्यानी कोठीवरचं पुस्तक घेऊन संग आली. रोशन दारात उभा. म्हणे, "आजी बोलत नाई कोणाशी." आतून आवाज आला, "येऊ दे. पावसात उभं नको ठेवू कोणाले. मंग तेबी लिवतीन."

आयकलं का? असं बोलली ते. माहा जीव कसा झाला असंन.

मॅडमनं पाय धरले. कुंताबाईनं पाय आखडून घेतले. मॅडम म्हणल्या, "आम्ही त्यांना पत्र लिहू, पुढच्या आवृत्तीत नाव बदलायला सांगू." तं म्हातारी म्हणते, "नाव काऊन बदलता? नाव माहं चांगलं आहे." पाऊस कवेलूवर वाजून राह्यला होता. मंग दिव्यानीले म्हणते, "पोरी, तुह्याजवळ ते पुस्तक आहे ना. मी कुठी उभी आहे त्याच्यात, ते जागा दाखव."

दिव्यानीनं पान काढलं अन् ओळीवर बोट ठेवलं. कुंताबाईले अक्षर येत नाई, तुले माहीत आहे. तिनं पोरीचं बोट बाजूले केलं अन् आपला अख्खा पंजा त्या पानावर ठेवला. ज्या हातानं तुले ओढून काढला तो पंजा.

म्हणली, "मी इथी नोती. मी मोहाखाली होती."

मंग बोलाले लागली. पालथी केलेली टोपली, निखारा, विळा, सासूच्या शिव्या, सगळं. मले वाटत होतं मलेच सगळं आठवते. पण एक मले माहीत नोतं. तू बोंबलल्यावर ते झाडाच्या मागं गेली अन् एकटीच रडली, कारण तिले वाटलं होतं का तू मेला. शेवटी म्हणते, "त्यानं मले पुस्तकात मारून टाकलं असतं तरी चाललं असतं. म्हातारं माणूस, मराचंच आहे. पण मी आली नाई, असं काऊन लिवलं? मी आली होती ना वो, मीराबाई?"

मी म्हणलं, "आल्ती, कुंताबाई. मी पाह्यलं."

"मंग तू सांग या मॅडमले."

मी सांगतलं. तिच्या अंगणात, रोशनच्या समोर, आशाबाईबी आल्ती मागून. मोठ्यानं सांगतलं, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यायलेबी आयकू जाईन.

मॅडमनं डोळे पुसले अन् मंडळाचं काढलं. म्हणल्या, "जुलैच्या कादंबरीकारांतून त्यांचं नाव आम्ही काढतो. चैत्रात घालू ना, आजी? मार्च-एप्रिल?" त्यायले वाटलं आपण लय चांगलं बोललो. कुंताबाई नाई म्हणली. म्हणते, "माह्या तोंडावरनं नका घालू. त्याले सांगू द्या. लोकायच्या समोर, कुंता आल्ती म्हणून तो आपल्या तोंडानं म्हणला, तं घाला चैतात. नाई तं राहू द्या त्याले पावसात."

तिच्या चपला मी उंबऱ्यापाशी ठेवल्या. सूप न्यायचं तिनं म्हणलं नाई, मीबी म्हणली नाई. ते माह्या खुटीले टांगून आहे. ते आता तुह्यावर आहे, माह्यावर नाई.

मोह अजून उभा आहे. एका अंगानं वाळला, पण यंदाबी फुलं देल्ले. तुले लोकायसमोर बोलता यावं म्हणून मंडळ पुन्हा येनार आहे, कार्यक्रम त्याच्याच खाली होईन, दिवसाउजेडी, वाघामुळं लवकर आटोपू. खुर्सी एकच मांडनार आहे, कुंताबाईची. तू आला तं खाली बस, मॅडमबी खालीच बसतेत. शाल आणू नको, नारळ आणू नको, जाड पुस्तक आणू नको. पाच शब्द बोलता येतेत का पाहून ये. सुपात घालाले तांदूळ मी धुऊन वाळवून ठेवले आहेत. ते तुह्यासाठी नाईत, तिच्यासाठी आहेत, पण तुह्याशिवाय त्यायचा उपयोग नाई.

आलूवांग्याची भाजी करीन. तुले आवडते म्हणून नाई. सगळ्यायले आवडते.

पाव्हणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, सकाळच्या गाडीनं येतो म्हणलेत.

मीराबाई